मिस्टेक, एरर, फॉल्ट, डिफेक्ट: यांतली 'चूक' कुठे कोणती?

कोरा_कागद

इंग्रजीतून कामाचे मेल आणि तपासणीचे अहवाल लिहिताना एका शब्दापाशी घोडं हमखास अडतं. मराठीत 'चूक' म्हटलं की बहुतेक वेळा भागतं, फार तर 'दोष' किंवा 'खोट'. इंग्रजीत मात्र मिस्टेक, एरर, फॉल्ट, डिफेक्ट, फ्लॉ, ब्लंडर, ओव्हरसाइट अशी रांगच उभी राहते आणि शब्दकोशात प्रत्येकापुढे फिरून फिरून 'चूक, दोष' एवढंच. खालच्या वाक्यांना कोणता शब्द लावायचा, आणि तोच का?

१. चूक माझी नाही, मेलच उशिरा आला.
२. नजरचुकीने जुनी फाइल जोडली गेली.
३. बेरजेत चूक आहे.
४. मशिनमध्ये दोष आहे.
५. योजनेतच खोट आहे.
६. त्यांनी घोडचूक केली.

'समानार्थी आहेत, कोणताही चालेल' हे उत्तर नको. कोणताही चालत असता तर इतके शब्द टिकलेच नसते.

शब्दपारखी

तुमचं पहिलं वाक्यच सगळ्यात जास्त वेळा बिघडतं, म्हणून तिथूनच सुरू करतो.

'चूक माझी नाही' याचं सर्रास 'इट इज नॉट माय मिस्टेक' केलं जातं. व्याकरण बरोबर आहे, अर्थ हुकतो. तुम्हाला म्हणायचंय की झाल्या प्रकाराला जबाबदार मी नाही. जबाबदारीचा शब्द 'फॉल्ट' आहे: 'इट इज नॉट माय फॉल्ट'. 'मिस्टेक' ही एखादी ठरावीक कृती किंवा समजूत असते, जिच्यावर बोट ठेवता येतं. तारीख चुकीची लिहिली, पत्त्यातला आकडा उलटा पडला, एकाला दुसराच समजलो, या मिस्टेक. निघायलाच उशीर केला म्हणून बैठक हुकली, तर ती 'माय फॉल्ट'. तिथे चुकीची अशी एखादी कृती दाखवता येत नाही, पण ठपका तुमच्यावर येतो. मराठीतली 'चूक' ही दोन्ही ओझी एकटीच वाहते, म्हणून आपला गोंधळ होतो. ओळखायची सोपी खूण: वाक्यात 'चूक'च्या जागी 'दोष' घालून पाहा. 'दोष माझा नाही' हे अर्थाला धक्का न लावता बसलं, की इंग्रजीत 'फॉल्ट'. 'चूक कोणाची?' हा प्रश्नही म्हणूनच 'हूज फॉल्ट इज इट?' असा होतो. 'हूज मिस्टेक' असं कुणी विचारत नाही असं नाही, पण तेव्हा समोर एखादा चुकलेला कागद असतो.

याच अर्थाचे दोन वाक्प्रचार तयार ठेवा. अपघातात कोणता चालक दोषी, तर 'ॲट फॉल्ट'. आणि ज्याचा काही अपराध नसताना नुकसान झालं, त्याच्यासाठी 'थ्रू नो फॉल्ट ऑफ हिज ओन'.

दुसरी अडचण क्रियापदाची. आपण चूक 'करतो', म्हणून हात आपोआप 'डू'कडे जातो आणि 'आय डिड अ मिस्टेक' बाहेर पडतं. इंग्रजीत मिस्टेक 'मेक' करतात, एररही 'मेक' करतात, ब्लंडरही. औपचारिक लेखनात एरर आणि ब्लंडर 'कमिट'ही होतात. मिस्टेकला 'कमिट' लावलेलं दिसतं, पण ते जड वाटतं. 'फॉल्ट' आणि 'डिफेक्ट' यांना 'मेक' अजिबात लावू नका. ते 'असतात', 'सापडतात', 'निर्माण होतात'.

तिसरी अडचण 'झाली'ची. 'माझ्याकडून चूक झाली' ही मराठीत नम्र कबुली आहे. कर्ता थोडा मागे उभा राहतो आणि ते सभ्य वाटतं. याचं शब्दशः रूप, 'अ मिस्टेक हॅपन्ड फ्रॉम माय साइड', इंग्रजी वाचकाला विचित्र वाटतं. त्याहून वाईट म्हणजे ते टाळाटाळीसारखं वाटतं. 'मिस्टेक्स वर मेड' हे कर्ता गाळलेलं वाक्य तिकडे जबाबदारी झटकण्याचा नमुना म्हणून थट्टेचा विषय झालेलं आहे. १९८७ साली अमेरिकेचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांनी इराणला शस्त्रं विकल्याच्या प्रकरणाबद्दल बोलताना 'सीरियस मिस्टेक्स वर मेड' म्हटलं, त्याचे दाखले अजून दिले जातात. तेव्हा मेलमध्ये सरळ 'आय मेड अ मिस्टेक' किंवा 'द मिस्टेक वॉज माइन' लिहावं. आपल्या कानाला उद्धट लागलं तरी तिकडे तेच सरळ आणि सभ्य.

आता वाक्य दोन. 'नजरचूक' हा मराठीतला फार नेमका शब्द आहे आणि त्याला इंग्रजीत तितकाच नेमका जोडीदार आहे: 'ओव्हरसाइट'. मात्र 'ओव्हरसाइट'चा दुसरा अर्थ बरोबर उलटा, देखरेख. 'ओव्हरसाइट कमिटी' म्हणजे नजर ठेवणारी समिती. नजरचुका करणारी नव्हे (तसंही घडतं, पण तो विषय वेगळा). आर्टिकलवरून बरंच कळतं. 'ॲन ओव्हरसाइट' म्हणजे एक नजरचूक. आर्टिकल नसलेलं 'ओव्हरसाइट' बहुधा देखरेख, जरी 'बाय ओव्हरसाइट' असं जुन्या वळणाचं लिहिलेलं अधूनमधून भेटतं. क्रियापदं तर गोंधळाची खाणच: 'ओव्हरसी' म्हणजे देखरेख करणं, 'ओव्हरलुक' म्हणजे नजरेतून सुटणं.

'चुकून' साठी 'बाय मिस्टेक', मध्ये 'अ' नाही. 'बाय अ मिस्टेक' चूक, 'बाय एरर' चूक, 'इन एरर' बरोबर आणि जास्त औपचारिक. मेलच्या तळाशी 'हा संदेश चुकून आपल्याकडे आला असल्यास' अशी जी सूचना असते, तिथे 'इन एरर' असतं ते यामुळे.

वाक्य तीन: 'देअर इज ॲन एरर इन द टोटल'. 'मिस्टेक' म्हटलंत तरी कुणी अडवणार नाही, पण रंग बदलतो. 'मिस्टेक'मागे माणूस दिसतो, कुणीतरी चुकलं. 'एरर' म्हणजे जे बरोबर ठरलेलं आहे त्यापासून झालेली फारकत; कोण चुकलं ते बाजूला राहतं. दुसऱ्याच्या कामातली चूक दाखवताना म्हणूनच 'एरर' सौम्य पडतो, आणि स्वतःची कबूल करताना 'मिस्टेक' प्रामाणिक वाटते. स्पेलिंगला दोन्ही चालतात. संगणकाच्या पडद्यावर मात्र फक्त 'एरर मेसेज'.

वाक्य पाच: 'देअर इज अ फ्लॉ इन द प्लॅन'. एरवी धड असलेल्या गोष्टीत आतून गेलेली चीर, म्हणजे 'फ्लॉ'. युक्तिवाद, योजना, स्वभाव, रत्न यांना हा शब्द शोभतो. हिऱ्याच्या प्रतवारीत 'फ्लॉलेस' ही सर्वांत वरची पायरी: दहापट मोठं करून पाहिलं तरी प्रशिक्षित डोळ्याला आत किंवा पृष्ठभागावर काही दिसत नाही असा खडा. उच्चार फ्लॉ, 'फ्लो' म्हणालात तर योजनेत खोट नसून प्रवाह आहे असं होईल.

सहा: 'दे मेड अ ब्लंडर'. घोडचूक आणि ब्लंडर यांची जोडी छान जमते. दोन्हींत चूक मोठी असते, टाळता येण्यासारखी असते आणि करणाऱ्याची शोभा करणारी असते. बुद्धिबळातल्या खुणा पाहा. डाव लिहिताना खेळीपुढे एक प्रश्नचिन्ह म्हणजे मिस्टेक, दोन म्हणजे ब्लंडर. तोल कळायला याहून चांगलं उदाहरण नाही. एक प्यादं फुकट गेलं तर एक चिन्ह, वजीर फुकट गेला तर दोन. प्रत्येक लहानसहान चुकीला 'ब्लंडर' म्हणायची आपल्याकडे जी पद्धत पडलीय, तिने शब्दाची धार गेली आहे.

वाक्य चार मुद्दाम ठेवलं. तिथे फॉल्ट की डिफेक्ट हे तंत्रवाल्यांनी सांगावं.

चाचणीवाला

सॉफ्टवेअरच्या बाजूने सांगतो. इथे हे शब्द आवडीनिवडीचे नाहीत, एका साखळीच्या कड्या आहेत.

माणूस चुकतो, ती 'एरर' (इथे 'मिस्टेक' हाही त्याचाच पर्याय मानतात). त्या चुकीमुळे कोडमध्ये किंवा आराखड्यात जे चुकीचं लिहिलं जातं, ते 'डिफेक्ट', 'फॉल्ट' किंवा बोलीत 'बग'. आणि ते कोड चालताना जेव्हा अपेक्षेपेक्षा वेगळं काही घडतं, तेव्हा 'फेल्युअर'.

उदाहरण: नियम असा की वय १८ किंवा जास्त असेल तर अर्ज स्वीकारावा. लिहिणाऱ्याने 'मोठे किंवा समान'ऐवजी नुसतं 'मोठे' हे चिन्ह टाकलं. त्याचं ते टाकणं ही एरर. फाइलमध्ये बसलेली चुकीची अट हा डिफेक्ट. १७ वर्षांचा आला, नाकारला गेला: बरोबर. २५ चा आला, स्वीकारला गेला: बरोबर. नेमका १८ चा आला आणि नाकारला गेला, तेव्हा फेल्युअर. म्हणजे डिफेक्ट कितीही दिवस निवांत बसून राहू शकतो. सीमेवरच्या किमती (इथे १७, १८, १९) वेगळ्या तपासायच्या असतात त्या याचसाठी.

अहवालात याचा उपयोग असा. तपासणाऱ्याला दिसतं ते फक्त फेल्युअर. डिफेक्ट कुठे आहे हा त्याचा अंदाज असतो आणि एरर कोणाची याच्याशी त्याचा संबंधच नसतो. त्यामुळे लिहायचं ते इतकंच: कोणत्या पायऱ्या केल्या, कोणती माहिती भरली, काय व्हायला हवं होतं, काय झालं, कोणत्या आवृत्तीवर झालं. 'डेव्हलपर्स मिस्टेक' असा शब्द अहवालात पडला की पुढची चर्चा कोडवर होत नाही, माणसावर होते.

दोन सापळे. 'पेज फॉल्ट' नावात फॉल्ट असूनही बिघाड नाही. प्रोग्रॅमला हवं असलेलं पान (म्हणजे माहितीचा ठरावीक आकाराचा तुकडा) त्या क्षणी मेमरीत तयार नाही, ते आणून देणं हा ऑपरेटिंग सिस्टिमचा रोजचा धंदा. 'सेग्मेंटेशन फॉल्ट' मात्र खरोखरची भानगड, कारण तिथे प्रोग्रॅमने परवानगी नसलेल्या जागी हात घातलेला असतो. आणि 'एरर' हा शब्द आमच्याकडेही दोन अर्थांनी फिरतो, माणसाची चूक आणि पडद्यावर येणारा संदेश. 'एरर आला' म्हणजे संदेश आला.

'बग'बद्दल: १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू संगणकात पतंग अडकलेला सापडला, तेव्हापासून बिघाडाला बग म्हणू लागले, ही कथा अर्धीच खरी. पतंग खरा आहे, ९ सप्टेंबरच्या नोंदवहीत तो चिकटवलेला आहे. पण शेजारी लिहिलेल्या ओळीचा आशय असा की 'खरोखरचा किडा' सापडल्याची ही पहिलीच वेळ. शब्द आधीपासून वापरात होता, म्हणून तर तो विनोद झाला. एडिसनच्या १८७८ मधल्या पत्रातही यंत्रातल्या किरकोळ अडचणींना 'बग्ज' म्हटलेलं आहे.

मोजपट्टी

चाचणीवाला यांनी सांगितलेली साखळी सॉफ्टवेअरपुरती ठीक. विद्युत आणि यंत्रांच्या विश्वासार्हतेच्या परिभाषेत नेमका उलटा क्रम आहे, आणि दोन विभागांचे लोक एका टेबलावर बसले की इथेच वाद होतो.

आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक परिभाषेत 'फेल्युअर' ही घटना आहे आणि 'फॉल्ट' ही स्थिती. पंप चालता चालता बंद पडला, ती घटना म्हणजे फेल्युअर. त्यानंतर तो न चालणाऱ्या अवस्थेत पडून आहे, ती अवस्था फॉल्ट. म्हणजे आधी फेल्युअर, मग फॉल्ट. सॉफ्टवेअरवाले म्हणणार आधी फॉल्ट, मग फेल्युअर. दोघेही आपापल्या व्याख्येत बरोबर आहेत. अहवालाच्या सुरुवातीला दोन ओळींत व्याख्या लिहून टाकणं हाच यावरचा इलाज.

आता वाक्य चार. मशिन चालू असताना काहीतरी बिघडलं, वायर तुटली, इन्सुलेशन गेलं, सेन्सर चुकीचं दाखवायला लागला: 'देअर इज अ फॉल्ट इन द मशीन'. 'अर्थ फॉल्ट' (वीज जमिनीकडे गळणं) हा याच घरातला. मशिन बनतानाच वाकडं बनलं, ओतकामात पोकळी राहिली, भोकाचा व्यास मर्यादेबाहेर गेला: 'डिफेक्ट'. फॉल्ट दुरुस्त करायचा असतो. डिफेक्ट असलेला माल परत करायचा, बदलून घ्यायचा किंवा भंगारात काढायचा असतो. दोष कुठून आला हे अजून माहीत नसेल तर 'फॉल्ट' लिहा, तो शब्द काही गृहीत धरत नाही.

'डिफेक्ट' जपून वापरा, हे मुद्दाम सांगायचं आहे. आयएसओ ९००० या गुणवत्तेच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या व्याख्येत ठरलेली एखादी गरज पूर्ण न होणं म्हणजे 'नॉनकन्फॉर्मिटी', आणि वस्तूच्या अपेक्षित किंवा ठरवून दिलेल्या वापराशी संबंधित अशी नॉनकन्फॉर्मिटी म्हणजे 'डिफेक्ट'. दोहोंतला फरक कायद्याच्या दृष्टीने, विशेषतः उत्पादकाच्या उत्तरदायित्वाच्या बाबतीत, महत्त्वाचा आहे अशी टीप त्या व्याख्येलाच जोडलेली आहे. रंगाची छटा ठरल्यापेक्षा गडद आली पण कामात काही फरक पडत नाही, तर ती नॉनकन्फॉर्मिटी. ब्रेकची पट्टी पातळ आली, तर डिफेक्ट. तपासणीच्या अहवालात पहिल्याला 'डिफेक्ट' लिहिलंत, तर उद्या वकील तो कागद तुमच्यासमोर धरेल. कराराच्या भाषेत आणखी दोन भेद आहेत. 'पेटंट डिफेक्ट' म्हणजे साध्या तपासणीत दिसणारा उघड दोष. 'लेटंट डिफेक्ट' म्हणजे योग्य काळजी घेऊन तपासलं तरी न दिसणारा गुप्त दोष. इथल्या 'पेटंट'चा शोधांच्या पेटंटशी काही संबंध नाही.

आता माझ्या आवडीचा विषय. मोजमापात 'एरर' म्हणजे चूक नव्हे. हे शाळेपासून चुकीचं डोक्यात बसतं. दांड्याची खरी लांबी १०.० सेंमी आणि तुम्ही मोजली १०.२, तर एरर ०.२ सेंमी, म्हणजे २ टक्के. तुम्ही काहीही चुकलेला नसाल. पट्टी आकसलेली असेल (ही एकाच दिशेने जाणारी, पद्धतशीर एरर, दुरुस्ती लावून काढता येते) किंवा प्रत्येक वेळी डोळा किंचित इकडेतिकडे होत असेल (ही यादृच्छिक, पुष्कळदा मोजून सरासरी घेतली की कमी होते, शून्य होत नाही). भूमापनात याच्या जोडीला तिसरा प्रकार सांगतात आणि त्याला चक्क 'मिस्टेक' किंवा 'ब्लंडर' म्हणतात: ६१ च्या जागी १६ लिहिणं, चुकीच्या खुंटीवर यंत्र लावणं. यावर सरासरीचा काही उपयोग नाही, ते मोजमाप टाकूनच द्यायचं. म्हणजे शब्दपारखी यांचा 'माणूस दिसतो तिथे मिस्टेक' हा नियम तांत्रिक भाषेतही टिकतो.

जनमत चाचणीतला 'मार्जिन ऑफ एरर', म्हणजे निकाल खऱ्या आकड्यापेक्षा किती इकडेतिकडे असू शकतो ती मर्यादा, याच कुळातला. यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या १,००० माणसांना विचारलं, तर ९५ टक्के खात्रीच्या पातळीवर तो साधारण ३ टक्के येतो. तो निम्मा करायचा तर माणसं दुप्पट करून भागत नाही, चौपट करावी लागतात. आणि प्रश्नच तिरका विचारला असेल किंवा माणसं निवडताना पक्षपात झाला असेल, तर ते या ३ टक्क्यांत कुठेच धरलेलं नसतं.

कोरा_कागद

फॉल्ट-फेल्युअरचा उलटा क्रम माहीतच नव्हता, बरीच जुनी भांडणं आता कळली. दोन गोष्टी राहिल्या. 'स्लिप' आणि 'लॅप्स' कुठे बसतात? आणि बिलांच्या तळाशी 'ई अँड ओ ई' असं छापलेलं असतं, ते याच 'एरर'चं का?

तळटीप

हो, त्याचंच. 'एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड'. शेवटचा शब्द 'एक्सेप्टेड' पण 'स्वीकारलेले' नव्हे, 'वगळून' या अर्थाचा; इंग्रजीत दोन्हींचं स्पेलिंग वेगळं आहे आणि कित्येक बिलांवर पूर्ण रूप छापताना चुकीचं छापलेलं असतं. मराठीत याला घरचा शब्द आहे: चूकभूल द्यावी घ्यावी. जोडी बघा किती नेमकी आहे, एरर म्हणजे चूक आणि ओमिशन म्हणजे भूल, विसरून राहिलेलं. फक्त आपल्याकडे देवाणघेवाण आहे, चूक तुमच्या बाजूने निघाली तर घ्या, आमच्या बाजूने निघाली तर द्या. इंग्रजी सूत्र एकतर्फी आहे, 'चुका धरू नयेत' एवढंच म्हणतं. ते छापल्याने सगळीच जबाबदारी टळते असं मात्र नाही.

व्युत्पत्ती पाहिली तर शब्द लक्षात राहायला मदत होते. एरर लॅटिनमधल्या 'भटकणे' या धातूवरून आलेला आहे. 'इरॅटिक' त्याचाच भाऊ. म्हणून अजूनही त्यात 'योग्य वाटेपासून ढळणं' शिल्लक आहे, जे मोजपट्टी यांनी वेगळ्या वाटेने सांगितलं. मिस्टेक उत्तरेकडच्या नॉर्स भाषेतून आलेला, अर्थ 'चुकीचं घेणं'. एकाला दुसरं धरणं हा त्याचा गाभा, आणि क्रियापद म्हणून आजही तसाच वापर आहे: 'आय मिस्टुक हिम फॉर हिज ब्रदर'. डिफेक्ट म्हणजे कमी पडणं, 'डेफिसिट'च्या घरातला. फॉल्टमध्ये 'ल' मुळात नव्हता. फ्रेंचमधून 'ल'शिवाय आला आणि लॅटिनशी नातं दाखवायच्या हौसेने मागाहून घातला गेला. आधी तो नुसता लिहीत, पुढे लोक उच्चारूही लागले.

'आय ॲम मिस्टेकन' याचा अर्थ 'मी चुकतोय' असा आहे, 'मला चुकीचं समजलं गेलं' असा नाही. त्यासाठी 'आय वॉज मिसअंडरस्टुड'. आणि 'जेनरस टू अ फॉल्ट' ही तक्रार नाही, कौतुक आहे: दोष वाटावा इतका उदार. 'फाइंड फॉल्ट विथ' म्हणजे बरोबर आपलं 'नावं ठेवणं'. 'डिफेक्ट' नाम असताना जोर पहिल्या अक्षरावर, डीफेक्ट. जोर दुसऱ्यावर गेला की ते क्रियापद होतं आणि अर्थ पक्ष किंवा देश सोडून पलीकडे जाणं. फितुरी झाली ती.

छपाईतल्या चुकांना 'टायपो' किंवा 'मिसप्रिंट', आणि पुस्तकाला जोडायच्या शुद्धिपत्राला 'इराटा'. हे अनेकवचन आहे. एकच चूक असेल तर 'इराटम'.

अवांतर: ही नावं मराठीत आली की लिंग कसं घेतात ते पाहण्यासारखं आहे. मिस्टेक 'झाली', कारण मागे चूक उभी आहे. फॉल्ट 'त्याचा', कारण मागे दोष. एररने अजून मन पक्कं केलेलं नाही, 'एरर आला' आणि 'एरर आली' दोन्ही ऐकू येतं. दुसरं, पडद्यावरच्या एररला 'त्रुटी' म्हणायची चाल मला पटत नाही. मराठीत त्रुटी म्हणजे उणीव. अर्जात कागद कमी असले की त्रुटी निघते. जादा कागद जोडला तर त्रुटी म्हणाल का? पण पाठ्यपुस्तकांतही तो शब्द आता रुळलाय, तेव्हा हे आमचं एकट्याचं रडगाणं.

चाचणीवाला

स्लिप-लॅप्सचं सांगतो. मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी १९९० च्या 'ह्यूमन एरर' या पुस्तकात केलेली विभागणी विमान वाहतुकीपासून रुग्णालयांपर्यंत वापरली जाते. हेतू बरोबर पण हात चुकला: 'स्लिप'. शेजारचंच बटण दाबलं गेलं. हेतू बरोबर पण करायचंच विसरलं: 'लॅप्स'. झाकण लावायचं राहिलं. हात बरोबर चालला पण ठरवलेलंच चुकीचं होतं: 'मिस्टेक'. चुकीचं सूत्र धरून अगदी काळजीपूर्वक हिशेब केला.

नावं वेगळी ठेवायचं कारण इलाज वेगळे. स्लिपला रचना बदलावी लागते: दोन बटणं लांब करा, धोक्याच्या बटणावर झडप बसवा. औषधाच्या मात्रेत '१.०' लिहू नये, टिंब पुसट झालं की १० वाचलं जातं. नुसतं '१' लिहावं. उलट '.५' लिहू नये, '०.५' लिहावं, नाहीतर ५ वाचलं जाईल. लॅप्सला तपासयादी. मिस्टेकला प्रशिक्षण किंवा दुसऱ्या माणसाची स्वतंत्र तपासणी, कारण करणाऱ्याला आपण बरोबरच आहोत अशी खात्री असते. 'पुन्हा काळजी घ्या' असा मेल यातल्या एकाचाही इलाज नाही.

'स्लिप ऑफ द टंग'ला 'जीभ घसरली' म्हणू नका हो. आपल्याकडे जीभ घसरते तेव्हा माणूस अभद्र बोललेला असतो. तिथे फक्त एका शब्दाऐवजी दुसरा निघालेला असतो.

शब्दपारखी

भर म्हणून इतकंच. भाषा शिकवणाऱ्यांत एरर-मिस्टेकचा आणखी एक भेद आहे, पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये मांडलेला. शिकणाऱ्याला नियमच ठाऊक नसतो आणि तो दर वेळी तसंच चुकतो, ती एरर. नियम येतो पण घाईत घसरला आणि दाखवल्यावर स्वतः सुधारतो, ती मिस्टेक. 'आय डिड अ मिस्टेक' ही या व्याख्येने मिस्टेक नसून एरर आहे. वही तपासताना उपयोग होतो: मिस्टेकखाली नुसती रेघ पुरते, एररला नियम समजावून सांगावा लागतो. वरच्या रीझन यांच्या व्याख्येशी ताडून पाहू नका. तिथे एरर हे सगळ्यांचं मिळून नाव आहे आणि मिस्टेक हा त्यातला एक प्रकार.

कोरा_कागद

सगळ्यांचे आभार. बसवून पाहतो:

१. इट इज नॉट माय फॉल्ट, द मेल केम लेट.
२. ड्यू टू ओव्हरसाइट, द ओल्ड फाइल वॉज अटॅच्ड.
३. देअर इज ॲन एरर इन द टोटल.
४. देअर इज अ फॉल्ट इन द मशीन.
५. द प्लॅन हॅज अ फ्लॉ.
६. दे मेड अ ब्लंडर.

तळटीप

दुसऱ्यात 'ॲन ओव्हरसाइट' करा, नाहीतर देखरेखीमुळे जुनी फाइल जोडली गेली असं होतंय. आणि फाइल तुम्हीच जोडली असेल तर 'वॉज अटॅच्ड' नको: 'आय अटॅच्ड द ओल्ड फाइल बाय मिस्टेक'. पहिलं बोलण्यात ठीक. मेलमध्ये 'फॉल्ट' शब्दच न काढता 'मला मेल अमुक वाजता मिळाला' एवढं वेळेसकट लिहा.